झोपते का ती?

मखमलाबाद, नाशिक
८ जुलै २०२४

ती. ताईस,
मनीचा नमस्कार.

पत्र पाहून हसशील. पण फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, तू दोनदा हॅलो म्हणतेस आणि ठेवून देतेस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते दाजी तुला मोठ्यानं वाचून दाखवतात. मला जे सांगायचंय ते तसं वाचण्यासारखं नाही. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं.

ताई, मला बरं नाही. ताप, खोकला तसलं काही नाही. चैत्रापासून पाळी पुढेमागे होतेय. बसल्या जागी अंगातून वाफा निघतात, पहाटे उशी भिजलेली असते. इथवर ठीक आहे. शेजारच्या बायका म्हणतात, चव्वेचाळीस म्हणजे वय आलंच. पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी आलंय, त्याला काय म्हणावं ते कळत नाही. सकाळी बाजारासाठी गुलाबाच्या जुड्या बांधायला बसते. माझ्यासारखी जुडी आमच्या शिवारात कुणी बांधत नाही, तुला माहीत आहे. आता फुलं हातात घेते आणि पुढं काय करायचं तेच सुचत नाही. योगेश म्हणतो, "राहू दे, मी बांधतो." तो चिडत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तुझंही मागं असंच चाललं होतं ना? तुला काय काय व्हायचं? खरं खरं लिही. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मनी


नामपूर
१७ जुलै २०२४

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. आजकाल पत्र कोण लिहितं? मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. तुझं अक्षर पाहिलं आणि जीव भांड्यात पडला.

अगं, हे सगळ्या बायकांचं असतं. माझं विचारशील तर दोन वर्षं मी माणसात नव्हते. एकदा हे म्हणाले, वरणात मीठ कमी आहे. मी अख्खं पातेलं मोरीत ओतलं! थोड्या वेळानं त्यांच्याजवळ बसून रडले आणि संध्याकाळी डोळे पुसून, वेणी घालून कीर्तनाला गेले. यांचे कांदा मार्केटातले व्यापारी घरी चहाला यायचे बंद झाले होते, माझ्या तोंडाच्या धाकानं. एक दिवस असा, दुसरा तसा. मग पाळी कायमची गेली आणि मी हळूहळू पहिल्यासारखी झाले.

तेव्हा घाबरू नकोस. वय आहे, जाईल. सकाळी बांधावरून चालून ये, चहा कमी कर, पोटभर जेव. आणि योगेशराव जुड्या बांधतायत तर बांधू देत, त्यांचे काय हात झिजतात?

आई बरी आहे. ओट्यावर बसून शेंगा फोडते. तुझा नमस्कार सांगितला, "बरंय" म्हणाली. तिचं तुला माहीतच आहे. तुझा विषय निघाला की ती शब्द मोजून बोलते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी ताई,
सगुणा


मखमलाबाद
१२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात माझं काय काय बसतं ते शोधत होते. वाफा बसतात, घाम बसतो. राग बसत नाही. तुला राग यायचा, मग रडू यायचं, मग वेणी घालून कीर्तनाला जावंसं वाटायचं. मला काहीच वाटत नाही. नागपंचमीला सृष्टीनं हौसेनं माझ्या हातावर मेंदी काढली. ती ओली असतानाच मी धुऊन टाकली, कारण हात तसा धरून बसणंच फार मोठं काम वाटलं. पोरगी नुसती बघत राहिली.

पहाटे डोळा उघडतो आणि उघडल्याबरोबर मनात येतं, आपण या घरावर ओझं आहोत. ताई, मागच्या आठवड्यात मी शेततळ्याच्या काठावर जाऊन उभी राहिले. काही केलं नाही. पण उभी होते. सृष्टीनं मागून हाक मारली, तेव्हा परत फिरायला मला जड गेलं.

ते तिनं ओळखलं. कॉलेज बुडवून मला बायकांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. थायरॉइड, रक्त, सगळं तपासलं, सगळं नीट आलं. डॉक्टर म्हणाल्या, "पाळी जायचं वय आहे हे खरं, त्याचे त्रासही आहेत. पण वयाच्या चढउतारात मधे मधे बरे दिवस येतात. तुमचा शेवटचा बरा दिवस कोणता होता?" मला सांगता येईना. मग त्यांनीच मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याही बाईच आहेत, शांत बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, घरात पूर्वी कुणाला मनाचा आजार होता का? मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, कधी याच्या अगदी उलट झालं होतं का? झोपेची गरज वाटत नाही, अंगात जोर, डोक्यात विचारांची गर्दी? त्यालाही मी नाहीच म्हटलं. गोळी सुरू केलीय. पंधरा दिवसांनी बोलावलंय. म्हणाल्या, "त्याआधी फार वाईट वाटलं तर या. आणि एकदम फार बरं वाटलं तरी या." फार बरं वाटल्यावर कुणी डॉक्टरकडे जातं का गं?

तळ्याचं योगेशला सृष्टीनं सांगितलंय. त्यानं दुसऱ्याच दिवशी तळ्याच्या फाटकाला कुलूप घातलं. किल्ली कुठं ठेवतो ते मला सांगत नाही.

मनी


नामपूर
२५ ऑगस्ट २०२४

चि. मनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि माझं जुलैतलं उत्तर आठवलं. मी मूर्खासारखं "वय आहे, जाईल" लिहून मोकळी झाले. मनी, पुन्हा कधी तसं मनात आलं तर तळ्याकडे पाय वळायच्या आत सृष्टीला हाक मार, योगेशरावांना हाक मार, कुणी नसेल तर मला फोन कर. शिट्टी वाजू दे, मला कळेल.

डॉक्टरांनी दिलेली गोळी घे. मधेच बंद करू नकोस. घरात कुणाला असलं काही नव्हतं हे तू बरोबर सांगितलंस. उगाच जुन्या गोष्टी उकरून काय होणार? त्यांना तुझ्यावर औषध करायचंय.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. तूही तिला काही कळवू नकोस. या वयात तिला ते सोसायचं नाही.

मला यायचं होतं, पण अंगणवाडीची तपासणी आहे आणि आईला एकटं ठेवता येत नाही. दिवाळीत नक्की येते.

सगुणा


मखमलाबाद
२० सप्टेंबर २०२४

माझ्या लाडक्या ताईस!

ताई, मी बरी झाले! नुसती बरी नाही, मी अशी कधीच नव्हते! काय गोळी आहे ती! अंगावरचं ओलं घोंगडं कुणीतरी ओढून काढावं तसं झालंय. गणपतीत फुलांना मागणी होती, मी पहाटे सगळ्यांच्या आधी मळ्यात, सगळ्यांच्या आधी बाजारात. तीन तास झोपते आणि दमत नाही. झोपेत माणूस किती आयुष्य घालवतो गं! मी सृष्टीला म्हटलं, तू पण कमी झोप.

ऐक, माझ्या डोक्यात काय आहे ते. गुलाब पुरे झाला. पॉलिहाऊस घालायचं, जरबेरा लावायचा, लग्नाच्या हॉलवाल्यांशी थेट बोलायचं, दिल्लीपर्यंत माल पाठवायचा. बँकेत जाऊन आले. योगेश म्हणतो, "जरा दमानं." सगळं दमानं करत करतच त्याचे केस पिकले! मामंजींच्या ओट्याला मी निळा रंग दिला, एकाच संध्याकाळी. नंतर पिवळा दिला. तुझ्यासाठी पैठणी घेतलीय, आईसाठी दोन लुगडी घेतली, तिच्या शेजारणीसाठीपण एक. मी स्कूटरवरूनच नामपूरला येणार आहे, एसटीची कोण वाट बघणार. सटाण्याच्या वाटेवरचा घाट वगैरे मला काही सांगू नकोस.

डॉक्टरांनी बोलावलं होतं, गेले नाही. बऱ्या माणसानं कशाला जायचं? सृष्टी मागे लागते. तिला सांगितलं, आजारी असताना तुला मी आवडत होते का?

आणि एक. फुलं तोडताना मला आता कळतं कोणतं फूल कुठल्या देवाला जायचंय. हसू नकोस. खरंच कळतं.

तुझी, तुझी, तुझी,
मनी


नामपूर
२८ सप्टेंबर २०२४

चि. मनीस,
खूप खूप आशीर्वाद.

वाचता वाचता डोळे भरून आले. लहानपणची माझी मनी परत आली! चिंचेच्या झाडावरून "ताई, मी उडू का" म्हणणारी. तीन तास झोप पुरते म्हणतेस, भाग्यवान आहेस. मला नऊ तास कमी पडतात.

यांना तुझा जरबेरा सांगितला. म्हणाले, बेत चांगला आहे, पण आधी पाण्याचा हिशेब बघा. पैठणी कशाला घेतलीस? पण आणलीच आहेस तर काठ मोरपंखी असू दे. स्कूटरवरून मात्र येऊ नकोस हो. घाटात ट्रक फार असतात.

हे पत्र उद्या आईला वाचून दाखवणार आहे. तिच्या तोंडावर जरा हसू येईल.

तुझी ताई


मखमलाबाद
१४ ऑक्टोबर २०२४

ताई,
योगेशचा नमस्कार.

पत्र लिहायची मला सवय नाही. पण परवा फोनवर मी ते विचारलं आणि तुम्ही एकदम गप्प झालात. आई शेजारी असतील हे माझ्या लक्षात आलं. म्हणून लिहितो.

मनीषा दवाखान्यात आहे. काळजी करू नका, आता झोपते. तुमचा २९ तारखेला फोन आला, "मनी झोपते का?" तेव्हा मी म्हटलं, सीझन आहे, कामात आहे. पण तुमचा आवाज डोक्यातून जाईना. त्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. ती झोपतच नव्हती. तीन तासही नाही. मी डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझ्यावर ओरडली, आणि मी नवरात्राच्या घाईत ते पुढं ढकललं. चुकलं माझं.

पहिल्या माळेला झेंडूची गाडी बाजारात न्यायची, ती सृष्टीसकट कालिकादेवीच्या यात्रेत घेऊन गेली. मी मागून पोचलो. रांगेतल्या प्रत्येकाला फुलं वाटत सुटली. म्हणत होती, देवीनं यादी सांगितलीय. लोक पाया पडायला लागले. ताई, तिचे डोळे असे चमकत होते की क्षणभर मलाही वाटलं, खरंच काही असेल. पण सृष्टी पुढं झाली. तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "देवीनं तुला घरी बोलावलंय." तेवढं ऐकून ती गाडीत बसली. तिथून थेट दवाखान्यात.

डॉक्टर मॅडम म्हणतात, हा नुसता वयाचा बदल नाही, आणि आधी वाटलं तसं नुसतं नैराश्यही नाही. पहिली गोळी त्यांनी बंद केली. आता त्यांना नीट कळायला हवंय, माहेरी कुणाला असं झालं होतं का, विशेषतः बाळंतपणात. पुढची औषधं कोणती आणि किती दिवस, हे त्यावरही ठरेल. ताई, जे असेल ते सांगा. माझ्या घरात त्यावरून कुणी एक शब्द काढणार नाही. आमच्या वडिलांनी स्वतः तसं सांगायला सांगितलंय.

योगेश


नामपूर
१९ ऑक्टोबर २०२४

योगेशराव यांस,
आशीर्वाद.

मी गप्प झाले कारण आई समोर होती. आणि ही गोष्ट तोंडातून काढायची नाही, अशी आमच्या आप्पांनी मला शपथ घातली होती. तेव्हा मी चौथीत होते. आप्पा गेले तरी ती शपथ मी पाळत होते. ती मोडली ती आईनंच.

मनीचं ते आनंदाचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल. ऐकता ऐकता तिचे शेंगा फोडणारे हात थांबले. पत्र संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "झोपते का ती?" मी म्हटलं, "तीन तास झोपते, पण दमत नाही म्हणते." आई उठून उभी राहिली. "योगेशला फोन लाव. आत्ता लाव." तो फोन आईचा होता, माझा नाही.

या वेळी तुमचं पत्र मी लपवलं नाही. सगळं वाचलं आणि म्हटलं, "आई, डॉक्टर विचारतात. काय लिहू?" तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "लिही. ठमाबाईला झालं व्हतं, असं माझं नाव घालून लिही."

मनीच्या वेळचं आईचं बाळंतपण सुखरूप झालं होतं. आठवडा झाला आणि आईची झोप उडाली. ती म्हणते, "झोप लागत नव्हती असं नाय. झोपायची गरजच वाटत नव्हती. अंगात लय जोर आला व्हता. ओली बाळंतीण मी, पण सारं घर सारवलं, भिंती पोतारल्या, गोठा झाडला. लोक म्हणले, बाई कामाची हाय." मला आठवतं, ती सारखी गात होती, आणि मला ते फार आवडलं होतं. आई इतकी छान कधीच नव्हती. मग ती म्हणायला लागली, ही पोर नाही, देवी आहे, हिला पाण्यात पोचवायची. एका दुपारी ती मनीला घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरली. शेजारचे कोंडाजीकाका मोटर चालू करायला आले होते. त्यांनी तिच्या हातातून पोर काढून घेतली.

पुढं भगत आणला, मिरच्यांची धुरी दिली, खोलीला बाहेरून कडी लावली. शेवटी आप्पांनी कुणाचं न ऐकता तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. काही महिन्यांनी ती घरी आली ती पूर्ण बरी होऊन. पण तोवर मनी बयाबाई आत्याकडे वाढत होती. चालायला लागल्यावर ती परत आली, पण तिचं सगळं आत्याच येऊन करायची. मनीला आम्ही सांगितलं, आईला टायफॉइड झाला होता.

आणखी एकदा झालं, पाळी जाताना. तेव्हा आप्पांनी लवकर ओळखलं, औषध दिलं. लोकांना सांगितलं, कावीळ आहे. त्यानंतर कधी नाही.

मनीनं डॉक्टरांना "नाही" म्हटलं, कारण तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी तिला लिहिलं, बरोबर सांगितलंस. हे पत्र डॉक्टरांना वाचायला द्या. फक्त विहिरीचं मनीला तुम्ही सांगू नका. दिवाळीत येते. मी सांगेन.

सगुणा


मखमलाबाद
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

दिवाळीत तू येऊन सांगून गेलीस तेव्हा मी औषधाच्या गुंगीत होते. तू रडलीस आणि मी नुसती फराळाच्या ताटाकडे बघत राहिले. आता डोकं जागेवर आहे, तेव्हा बोलते.

मला तुझा राग आलाय. आईचा नाही, तुझा. ऑगस्टमध्ये तुला सगळं माहीत होतं. तू दोन ओळी खऱ्या लिहिल्या असत्यास तर कदाचित गोळी वेगळी मिळाली असती. कदाचित, असं डॉक्टर म्हणतात. त्या म्हणतात, आजार आज ना उद्या वर आलाच असता. पण मला माझा राग येऊ दे. किती महिन्यांनी मला राग आलाय.

मी त्यांना विचारलं, "मॅडम, मग हे पाळीचं की डोक्याचं? एक काय ते सांगा." त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंचं होतं ते वयाचं. त्रास खरा होता, पण तो येत होता आणि जात होता, आणि मधल्या वेळात त्या त्याच ताई होत्या. तुमच्या बाबतीत वयानं झोप मोडली, आणि झोप मोडली की तुमचा आजार उठतो. आजार वयानं दिलेला नाही. तो आधीपासून होता, वयानं त्याला जागं केलं. म्हणून दोन्हीकडे बघायचं. पाळीच्या डॉक्टरही सोडायच्या नाहीत आणि मलाही नाही." आजाराला नाव आहे, बायपोलर. गोळ्या बहुतेक बरीच वर्षं घ्यायच्या. मधून मधून रक्त तपासायचं. हात थोडे थरथरतात, वजन वाढलंय. पण झोप लागते.

ताई, एका गोष्टीनं मात्र मी आतून हललेय. त्यांनी पुन्हा विचारलं, उलटं कधी झालं होतं का? या वेळी मला आठवलं. सृष्टी झाली तेव्हा महिनाभर मी अशी होते की काय सांगू. झोप नाही, कंटाळा नाही, सगळं जग चकाकत होतं. मी त्याला माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना म्हणत आले. वाईट काही घडलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "तेही बहुतेक तेच होतं, सौम्य." घरी येऊन मी खूप रडले. माझं दुःख आजार होतं हे मी मान्य केलं. पण माझं सुखही आजारच असेल तर माझं स्वतःचं काय उरलं? आता जरा हसू आलं की योगेश माझ्याकडे निरखून बघतो, आणि मीही स्वतःला तपासते. हे सुख किती, जास्त तर नाही ना?

आईला विचार. तिलाही असं वाटायचं का?

मनी


नामपूर
१८ जानेवारी २०२५

चि. मनीस,
आशीर्वाद.

तुझ्या रागावर मला बोलायला जागा नाही. तो तुझा हक्क आहे, पाहिजे तितके दिवस ठेव.

पण एक सांगते. तुझं पत्र आल्यावर मला झोप लागेना. आपली कावेरी सिन्नरला सातव्या महिन्यात आहे, आणि मी पोटच्या लेकीलाही काही सांगितलेलं नव्हतं. संक्रांतीचं वाण घेऊन गेले. तिच्या सासूबाई समोरच बसल्या. वाटलं, कावेरीला एकटीला बोलवावं. मग वाटलं, पुन्हा तेच? म्हणून दोघींसमोर सांगितलं. माझ्या आईला बाळंतपणात झालं होतं, माझ्या बहिणीला आता झालंय, हिला होईलच असं नाही, पण डॉक्टरांना आधी सांगून ठेवा आणि बाळंतपणानंतर हिच्या झोपेवर लक्ष ठेवा.

विहीणबाईंनी हातातलं वाण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लग्नाच्या आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "भीती वाटली." त्या म्हणाल्या, "हं." चहा केला. निघताना दारात म्हणाल्या, "पहिले दोन महिने बाळाला रात्री मी घेईन. पोरीला झोपू देऊ." रागावल्यात का, अजून कळलेलं नाही. पण कावेरी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. आईला म्हणजे सासूबाईंना. ती त्यांना आईच म्हणते.

तुझा प्रश्न आईला विचारला. म्हणाली, "असं पत्रात सांगता येत नाय. मला तिकडं ने." मनी, इतक्या वर्षांत ती स्वतःहून तुझ्याकडे यायचं म्हणाली नव्हती. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन येते. मी सोडून परत फिरेन. तुम्ही दोघी राहा.

सगुणा


मखमलाबाद
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
मनीचा नमस्कार.

आई महिना होत आला इथंच आहे. तुला फोनवर "बरी आहे" एवढंच कळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले काही दिवस आम्ही दोघी पाहुण्यांसारख्या वागलो. ती माझ्याकडे बघायची, मी वळले की नजर काढून घ्यायची. जुड्या बांधायला बसायची, पण माझ्यापासून दोन हात लांब. एका दुपारी सगळे मळ्यात गेले होते. मी म्हटलं, "आई, मला विहिरीचं माहीत आहे."

तिनं फुलं खाली ठेवली.

मी म्हटलं, "मला त्याचं काही वाटत नाही. पण नंतर तू बरी झालीस. मग मला जवळ का नाही घेतलंस? ताईची वेणी तू घालायचीस, माझी आत्या घालायची. मला वाटायचं, मी तुला आवडत नाही. मला बघितलं की तुला भीती वाटायची का?"

"भीती तुझी नव्हती गं," आई म्हणाली, "माझ्या हातांची व्हती. मनात यायचं, हे हात पुन्हा कवा फिरतील काय सांगावं. मग म्हटलं, पोर दुरून वाढू दे, पण वाढू दे."

ताई, मी तिच्या हातांकडे बघत राहिले. कारण मला तेच होत होतं. दवाखान्यातून आल्यापासून मी सृष्टीच्या केसांना तेल लावलेलं नाही, तिच्या ताटात वाढतानासुद्धा हात आखडतो. मी पोरीला यात्रेत सगळ्यांसमोर ओढत नेलं होतं, तिच्या दंडावर माझी नखं उठली होती. ते मी योगेशलाही सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं.

ती म्हणाली, "मग माझ्यावाणी करू नको. मला कुणी सांगितलं नव्हतं का हा आजार हाय आन् तो उतरतो. मला वाटलं, मी आशीच हाय. तुला डॉक्टरनी सांगितलंय ना? गोळी घेतीस ना? मग हात तुझेच हायेत."

आणि सुखाचं मी तिला विचारलं. सगळं सांगितलं, तो महिना, ती चकाकी. ती हसली. म्हणाली, "मलाबी ते दिवस आठवतात. लय गोड व्हते. खोटं कशाला बोलू." मग म्हणाली, त्या दिवसांत तिला घरातलं कुणी दिसायचंच नाही. आप्पा समोर उभे असायचे, तू पाटी घेऊन बसलेली असायचीस, पण तिला फक्त स्वतःचा उजेड दिसायचा. "मी तुला आठवते का त्यात?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाय. माझी नवी पोर, आन् मला तिचं तोंड आठवत नाय."

मी त्यावर किती दिवस विचार करतेय. सृष्टी झाली तेव्हाच्या महिन्यातलं मला आभाळ आठवतं, पडद्याचा रंग आठवतो, मी रचलेली गाणी आठवतात. सृष्टी आठवत नाही. हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण हा काही नियम नाही म्हणाल्या, सगळ्यांचं सारखं नसतं. बरोबर आहे. पण माझ्यापुरतं मला एवढं कळलं.

मॅडमनी मग सृष्टीलाही आत बोलावलं. ती मुद्दामच आली होती. तिनं सरळ विचारलं, "मला होईल का?" मी बाहेर जायला उठले, तर तिनं बसवलं. मॅडम म्हणाल्या, "इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त आहे. बहुतेक होणार नाही. झालंच तर तुला ते पहिल्या आठवड्यात ओळखू येईल. तुझ्या आजीला कुणी ओळखलं नाही, तुझ्या आईला ओळखायला उशीर झाला. तुझ्या बाबतीत तसं होणार नाही."

परत येताना रिक्षात ती माझ्या आणि आईच्या मधे बसली होती. पंचवटीजवळ गर्दीत रिक्षा अडकली, ऊन होतं. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि तिथंच झोपी गेली. मी आधी जरा ताठ बसले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, गोळीनं. ठेवलेला तसाच ठेवला. आई बाहेर बघत होती. थोड्या वेळानं तिनंही तिचा हात माझ्या हातावर आणून ठेवला. रिक्षाची वाट मोकळी होईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

तुझ्यावरचा राग संपलेला नाही, पण कमी होतोय. कावेरीच्या बाळंतपणाला मला बोलाव. मी येईन.

तुझी,
मनी